सर्दी नाही, खोकला नाही, तरी बाळाला ताप? लघवीचं इन्फेक्शन कसं ओळखायचं

माझी मुलगी साडेसात महिन्यांची होती. एप्रिल महिना, सांगलीचा उन्हाळा, सोमवारी रात्री तिचं अंग तापलं, काखेत थर्मामीटर लावला तर १०१. नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता, जुलाब नव्हते. खालची हिरडी टम्म झालेली दिसत होती म्हणून घरात सगळे म्हणाले दात येतायत, शेजारच्या काकू म्हणाल्या ऊन बाधलं असेल, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बुधवारी दवाखान्यात नेलं, घसा जरा लाल आहे म्हणून पाच दिवसांचं अँटीबायोटिक मिळालं, ताप उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. बाटली संपली आणि त्यानंतर चौथ्या रात्री १०३.५, पाठोपाठ दोन उलट्या, आणि बाळ अंगावर प्यायलाच तयार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पोट तपासता तपासता विचारलं, "मागच्या तापात लघवी तपासली होती का?" नव्हती तपासली. त्या रात्री नळी घालून लघवी घेतली, पू पेशी भरपूर, दोन दिवसांनी कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय नावाचा जंतू, संख्या १ लाखाच्या वर. तीन दिवस ॲडमिट, शिरेतून इंजेक्शनं. आणि सहा महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला एक छोटासा व्रण दिसला. पहिल्याच तापात लघवी तपासली असती तर तो टळला असता का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण उपचाराला दोन-तीन दिवसांच्या वर उशीर झाला की किडनीवर व्रण राहायची शक्यता वाढते हे मला नंतर कळलं, आणि ते मला आधी माहीत असायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत डॉक्टरांना, वॉर्डमधल्या सिस्टरना आणि लॅबमधल्या ताईंना विचारून विचारून जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, तुमच्या बाळाला तपासायचं काम डॉक्टरांचंच. पण लघवी तपासायची आठवण करून देणं हे आईबापाचं काम आहे, आणि त्यासाठी आधी चिन्हं ओळखता यायला हवीत.

बाळांमध्ये हे ओळखू का येत नाही

आपल्याला लघवीचं इन्फेक्शन झालं की जळजळ होते, सारखं जावं लागतं, ओटीपोट दुखतं, आणि आपण बोलून दाखवतो. बाळाला यातलं काहीच सांगता येत नाही आणि बऱ्याचदा या तक्रारी दिसतही नाहीत. दिसतो तो फक्त ताप. २ वर्षांच्या आतल्या ज्या बाळांना ताप आहे पण कारण सापडत नाही, अशा १०० बाळांत साधारण ५ ते ७ जणांना लघवीचं इन्फेक्शन निघतं. म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही.

होतं कसं ते थोडक्यात. शीमधले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, बाहेरून लघवीच्या मार्गातून वर चढतात, मूत्राशयात पोचतात आणि तिथून किडनीपर्यंत जाऊ शकतात. मुलींचा हा मार्ग अगदी आखूड असतो म्हणून मोठेपणी मुलींमध्ये जास्त, पण पहिल्या काही महिन्यांत उलट आहे, मुलग्यांमध्ये जास्त. "मुलगा आहे, त्याला कसं होईल" असं कुणी म्हटलं तर ते डोक्यातून काढून टाका. काही बाळांमध्ये मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे जाते, त्याला रिफ्लक्स म्हणतात, माझ्या मुलीला तोच होता. तापासोबत लघवीचं इन्फेक्शन झालेल्या साधारण तीन बाळांत एकाला हा रिफ्लक्स सापडतो.

आणि आपल्याकडे अजून एक अडचण म्हणजे "उन्हाळी लागली" हा शब्द. उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी गडद होते, चुरचुरते, त्याला आपण उन्हाळी म्हणतो, धणे-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा घेतो आणि मोठ्या माणसाला बरं वाटतं. पण तान्ह्या बाळाला ताप असताना उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. आणि ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, नारळपाणी काहीच द्यायचं नाही, त्याची तहान आईच्या दुधानेच भागते, उन्हाळ्यातसुद्धा. जरा जास्त वेळा अंगावर घ्या, झालं.

पहिली पायरी: ताप नीट मोजा

हाताच्या पाठीने कपाळ चाचपून "कणकण वाटतेय" हे डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काख कोरडी पुसा, टोक काखेच्या मध्यावर ठेवून हात अंगाशी धरून ठेवा, बीप वाजेपर्यंत. काखेत ९९.५ च्या वर गेलं की ताप धरायचा. नुकतीच मालीश-आंघोळ झाली असेल, धुरी-शेक झाला असेल किंवा बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं असेल तर अंग उगाच तापलेलं लागतं, अशा वेळी कपडे मोकळे करून १५ मिनिटांनी परत मोजा.

प्रत्येक वेळचा आकडा आणि वेळ वहीत नाहीतर मोबाईलवर लिहा. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण दातांनी १०१, १०२ ताप येत नाही, हे वाक्य आजीला, काकूंना, सगळ्यांना समजावून सांगा, मी आता भेटेल त्याला सांगते.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे काय बघायचं

पहिल्या महिन्याभरात ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. बाळ नीट ओढत नाही, दोन घोट घेऊन सोडून देतं, सारखं झोपलेलं, उठवलं तरी मरगळलेलं, वजन वाढत नाही, उलट्या. आणि कावीळ, जी बाकीच्या बाळांची दोन आठवड्यांत उतरते ती रेंगाळते किंवा उतरून परत चढते. रेंगाळलेल्या काविळीमागे लघवीचं इन्फेक्शन असू शकतं हे फार कमी जणांना माहिती असतं, कोवळ्या उन्हात धरत बसू नका, दाखवा.

१ ते ३ महिने: ताप, किरकिर, दूध कमी, उलट्या. या वयात नुसता ताप असला तरी थांबायचं नाही, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

३ महिन्यांपासून वर्षापर्यंत: ताप चढतो-उतरतो, पॅरासिटामॉलचा असर गेला की परत, बहुतेक वेळा बऱ्यापैकी जास्त, १०२ च्या पुढे. सर्दी-खोकला नसतो. कधी उलट्या, कधी पातळ शी, त्यामुळे पोट बिघडलंय असं वाटतं आणि सगळे तिकडेच बघत राहतात. बाळ उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्त रडतं. माझी मुलगी मांडीवर घेतली की पाय पोटाशी ओढून घ्यायची, ते मला दिसलं होतं, गॅस असेल म्हणून मी ओटीपोटावर हिंग लावत बसले.

वर्षाच्या पुढे चिन्हं जरा स्पष्ट होत जातात. शू करताना रडतं, हात खाली लावतं, थेंब थेंब सारखी शू, पोट दुखतं म्हणून बेंबीकडे बोट दाखवतं, शू सांगायला लागलेलं मूल परत कपडे ओले करायला लागतं.

सर्दी आहे म्हणून लघवीचं इन्फेक्शन नसेलच असंही नाही, दोन्ही एकदम असू शकतं. सर्दी बरी झाली तरी ताप तीन दिवसांच्या वर रेंगाळला तर लघवीचा विषय काढा.

तिसरी पायरी: लंगोट बघा, पण घाबरू नका

घरातली माणसं लंगोट बघून ज्या गोष्टींना घाबरतात त्यातल्या बऱ्याच इन्फेक्शनच्या नसतात. नवजात बाळाच्या लंगोटावर पहिल्या काही दिवसांत विटेच्या चुऱ्यासारखा गुलाबी-केशरी डाग पडतो, तो लघवीतल्या क्षारांचा असतो, दूध वाढलं की जातो. (आठवडा उलटून गेल्यावरही दिसत असेल तर दूध पुरेसं जातंय का ते तपासून घ्या.) मुलींना पहिल्या आठवड्यात खालून थोडासा रक्ताचा डाग लागू शकतो, आईच्या हार्मोन्समुळे, तोही आपोआप थांबतो.

शू करण्याआधी बाळ रडतं आणि धार सुरू झाली की गप्प होतं, हे बऱ्याच बाळांमध्ये असतं, मूत्राशय भरल्याची जाणीव नवीन असते त्यांना. पण धार चालू असताना रडणं वाढत असेल, कळवळून रडत असेल, तर ते वेगळं.

वास म्हणाल तर रात्रभर लावलेल्या डायपरला सकाळी उग्र वास येणारच. नुसत्या वासावरून इन्फेक्शन ठरवता येत नाही, वास नसला म्हणून नाहीच असंही म्हणता येत नाही. पण वास अचानक बदलला, गढूळ दिसतेय आणि सोबत ताप आहे, तर डॉक्टरांना नक्की सांगा. नवजातपणीचे ते डाग सोडले तर लालसर किंवा चहासारखी लघवी दिसल्यावर त्याच दिवशी दाखवायचं, ताप असो नसो.

पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान ६ वेळा तरी शू व्हायला हवी. डायपरमध्ये हे कळत नाही, म्हणून आजारपणात दिवसा सुती लंगोट वापरा, मोजता येतं.

मुलगा असेल तर एक गोष्ट मुद्दाम बघा, धार. कमानीसारखी लांब उडते ना? की थेंब थेंब गळते, जोर लावावा लागतो, शू झाल्यावरही खालचं पोट फुगलेलं राहतं? काही मुलग्यांमध्ये लघवीच्या मार्गात जन्मतःच पडदे असतात, त्यामुळे लघवी अडून किडनीवर दाब येतो, आणि कमजोर धार हे त्याचं घरच्या घरी दिसणारं चिन्ह. मोबाईलवर धारेचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, शब्दांपेक्षा त्यांना तो जास्त कामाचा.

या वेळी वाट बघायची नाही

बाळ ३ महिन्यांच्या आतलं आहे आणि ताप आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे, रात्री २ वाजले असले तरी निघायचं. घरून पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू असं या वयात करायचं नाही. अंग गार पडलंय, काखेत ९५.९ च्या खाली, तरी तेच.

कुठल्याही वयात: बाळ दूध पीतच नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, उठवून उठत नाही, झटका येतो, श्वास जोरजोरात चाललाय, टाळू खोल गेलीय किंवा फुगलीय, ८ तासांत शू नाही, थंडी वाजून थडथड कापतं, हातपाय गार पडून अंग निळसर-फिकट दिसतं. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात १ वर्षापर्यंतच्या आजारी बाळाच्या तपासण्या, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, गावात असाल तर आशाताईंना लगेच कळवा, त्यांना कुठे न्यायचं ते बरोबर माहीत असतं.

चौथी पायरी: डॉक्टरांपुढे काय बोलायचं

ओपीडीत गर्दी असते, आपल्याला बोलायला दोन मिनिटं मिळतात, आणि घाबरलेलो असलो की नको तेच आधी सांगत बसतो. म्हणून लिहून न्या. ताप कधीपासून, सगळ्यात जास्त किती, शेवटचं पॅरासिटामॉल कधी दिलं आणि किती, दिवसात किती वेळा शू झाली, दूध किती, उलट्या किती. आधी कुठलं अँटीबायोटिक दिलंय का, त्याची बाटलीच सोबत न्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज असल्याचं कुणी म्हटलं होतं का? हे आम्ही विसरतो, फाईल कपाटात पडून असते, पण हे फार महत्त्वाचं आहे. आईबाबांपैकी कुणाला किंवा मोठ्या भावंडाला रिफ्लक्स होता का तेही.

आणि मग सरळ, नम्रपणे विचारा: "डॉक्टर, तापाचं कारण दिसत नसेल तर अँटीबायोटिक सुरू करायच्या आधी लघवीची रुटीन आणि कल्चर करून घेऊ या का?" (रुटीन म्हणजे त्याच दिवशी रिपोर्ट मिळणारी साधी तपासणी.) यात त्यांच्यावर अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो, आमच्या आत्ताच्या डॉक्टरांनी मला हेच वाक्य पाठ करून ठेवायला सांगितलंय. अँटीबायोटिकचे एक-दोन डोस गेले तरी कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा वाढत नाहीत, मग इन्फेक्शन होतं की नव्हतं हे कायमचं अंधारात राहतं, जसं आमचं पहिल्या तापाचं राहिलं.

पाचवी पायरी: बाळाची लघवी पकडायची कशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून सविस्तर लिहिते.

बाळ फार आजारी असेल किंवा अँटीबायोटिक लगेच द्यायचं असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी घेतात. बघवत नाही, पण मिनिटभराचं काम असतं आणि रिपोर्ट भरवशाचा येतो. त्याला नको म्हणू नका. दुसरा प्रकार म्हणजे चिकटवायची पिशवी. पिशवीत कातडीवरचे, शीचे जंतू मिसळतात, त्यामुळे पिशवीतल्या लघवीवरून कल्चर केलं तर खोटं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण खूप. पिशवीतली रुटीन एकदम साफ आली तर इन्फेक्शनची शक्यता कमी, एवढ्यापुरती ती ठीक. खराब आली तर नळीने नाहीतर धारेतून पकडून परत घ्यायचं. लंगोट पिळून, कापूस पिळून, शूच्या भांड्यातून ओतून घेतलेली लघवी कल्चरला चालत नाही.

तिसरा प्रकार घरी जमतो, धार हवेतच झेलायची. माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना परत ताप आला तेव्हा आम्ही हे केलं. लॅबमधून निर्जंतुक बाटली आणून ठेवली होती, उघडली नव्हती. मी साबणाने हात धुतले, तिला खालून साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने पुढून मागे धुतलं, साबण राहू दिला नाही, स्वच्छ कपड्याने टिपलं. डेटॉल वगैरे लावायचं नाही, त्याने जंतू मरून रिपोर्ट चुकू शकतो. मुलगा असेल तर कातडी जेवढी सहज सरकते तेवढीच, ओढून मागे घ्यायची नाही. मग तिला अंगावर पाजलं आणि वीसेक मिनिटं थांबलो.

सासूबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या, दोन्ही पाय पुढे करून त्यावर तिला उकिडवं धरलं, जसं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शूला धरतात तसंच, आणि तोंडाने "शूऽऽ शूऽऽ" सुरू केलं. मी समोर बाटलीचं झाकण सैल करून बसले. सिस्टरनी शिकवलेली युक्ती होती, गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ गॉज घेऊन बेंबीच्या खाली, ओटीपोटावर गोल गोल चोळायची. तान्ह्या बाळांसाठी अजून एक प्रकार असतो, दुसरा माणूस बाळाच्या काखांखाली हात घालून उभं धरतो, पाय लोंबते ठेवतो, बोटांनी ओटीपोटावर हलक्या टिचक्या मारायच्या अर्धा मिनिट, मग कमरेच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने गोल चोळायचं अर्धा मिनिट, असं आलटून पालटून. आमच्याकडे गॉजने चौथ्या मिनिटाला काम केलं. पहिली धार खाली जाऊ दिली, मधली झेलली, बाटलीचा काठ अंगाला लागू दिला नाही, झाकण आतल्या बाजूने बोट न लावता बंद केलं. सासूबाईंची साडी भिजली, पण त्या हलल्या नाहीत.

बाटलीवर नाव आणि घेतल्याची वेळ लिहा. तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवी. नसेल जमत तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि नेताना बर्फाच्या पॅकसोबत पिशवीत न्या. उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास फिरलेली बाटली म्हणजे त्यात जंतूंची शेती, तो रिपोर्ट काही कामाचा नाही.

सहावी पायरी: रिपोर्ट हातात आल्यावर

रुटीन रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. त्यात पू पेशी म्हणजे पस सेल्स बघतात, ५ च्या वर असतील तर शंका. नाइट्राइट पॉझिटिव्ह असेल तर इन्फेक्शनची शक्यता बरीच, पण निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही, कारण जंतूंना ते तयार करायला लघवी मूत्राशयात तीन-चार तास साठावी लागते आणि बाळं तर दर तासाला शू करतात. एपिथेलियल सेल्स खूप असतील तर सँपलमध्ये बाहेरची कातडी मिसळलीय असं धरतात.

कल्चरला २ ते ३ दिवस लागतात. एकाच प्रकारचा जंतू आणि कॉलनी काउंट (म्हणजे जंतूंची संख्या) पुरेसा, धारेतून झेललेल्या लघवीत साधारण १ लाख, नळीने घेतलेल्यात ५० हजारांच्या आसपास, म्हणजे इन्फेक्शन नक्की. "मिक्स्ड ग्रोथ" म्हणजे बहुतेक सँपल खराब, परत द्यावं लागतं, वैताग येतो पण द्या. खाली औषधांची यादी असते, एस म्हणजे त्या औषधाने जंतू मरतो, आर म्हणजे त्या औषधाला दाद देत नाही. यादी बघून आपण मेडिकलमधून औषध आणायचं नाही, डॉक्टरांना दाखवून चालू औषध त्यात एस आहे ना एवढं विचारायचं.

सातवी पायरी: औषध, आणि ते पूर्ण करणं

बाळ लहान असेल, उलट्या होत असतील किंवा फार मलूल असेल तर ॲडमिट करून शिरेतून औषध देतात. बाकीच्यांना तोंडाने, साधारण ७ ते १० दिवस, कधी १४. बरोबर औषध चालू असेल तर ताप ४८ ते ७२ तासांत उतरायला लागतो. नाही उतरला तर परत जायचं, बाटली संपायची वाट बघायची नाही.

बाळांची बरीच अँटीबायोटिक पावडरच्या बाटलीत येतात. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी किंवा सोबतचं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी थोडं घालून हलवा, फेस बसू द्या, मग परत खुणेपर्यंत. प्रत्येक वेळी हलवूनच द्यायचं, नाहीतर वर पाणी आणि खाली सगळं औषध. घरातला चमचा नको, खुणा असलेली सिरिंज घ्या आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. कालवलेली बाटली किती दिवस चालते ते लेबलवर असतं, बऱ्याच बाटल्या ७ दिवसांच्या असतात, कोर्स १० दिवसांचा असेल तर दुसरी बाटली लागते हे आम्हाला आठव्या दिवशी कळलं. उरलेली बाटली पुढच्या तापाला ठेवू नका, ओतून टाका.

पॅरासिटामॉलचं एक सांगते. थेंबांची बाटली आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, थेंबांच्या १ मिलीत साधारण १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० च्या आसपास. बाटली बदलली आणि मिली तेच ठेवले तर डोस कितीतरी पट चुकतो. वजनावर किती मिली ते डॉक्टरांकडून बाटलीवरच पेनाने लिहून घ्या.

ताप उतरल्यावर पुढे काय

इथेच सगळे ढिले पडतात. बाळ हसायला लागलं की सोनोग्राफी राहून जाते. बाळाला तापासोबत लघवीचं इन्फेक्शन पहिल्यांदाच झालं असलं तरी किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या, त्यात दुखत नाही, सुई नाही. एमसीयू नावाची तपासणी सगळ्यांना लागत नाही, सोनोग्राफीत काही दिसलं, ई. कोलाय सोडून वेगळाच जंतू निघाला किंवा इन्फेक्शन परत झालं तर सांगतात, नळीतून औषध मूत्राशयात सोडून शू करताना एक्स-रे काढतात, रिफ्लक्स त्यात दिसतो. डीएमएसए स्कॅन व्रण बघायला, इन्फेक्शननंतर चार-सहा महिन्यांनी, हातात एक इंजेक्शन आणि मग मशीनखाली शांत पडून राहायचं, आमच्या मुलीला आम्ही झोपेची वेळ साधून नेलं.

रोजच्या सवयींत फार काही अवघड नाही. शी पुसताना पुढून मागे, विशेषतः मुलींना. शी झाली की लंगोट लगेच बदला. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, वरचं खाणं सुरू झाल्यावर शी खडा झाली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि इन्फेक्शन परत परत होतं, मनुकांचं पाणी, पपई, भाज्या, पुरेसं पाणी, आणि तरी होत नसेल तर डॉक्टर. आईचं दूध जितकं चालेल तितकं चालू ठेवा, त्याने या इन्फेक्शनपासूनही संरक्षण मिळतं.

आणि मुलग्यांच्या आयांनो, मालीशवाल्या मावशी तेल लावून शूच्या जागची कातडी रोज जोर लावून मागे ओढत असतील तर प्रेमाने पण ठामपणे थांबवा. बाळपणी ती चिकटलेलीच असते, काही वर्षांत आपली आपण मोकळी होते. ओढल्याने बारीक चिरा पडतात, भरताना कातडी आक्रसते आणि मग खरा त्रास सुरू होतो. माझ्या बहिणीच्या मुलाचं असंच झालं. शू करताना कातडी फुग्यासारखी फुगून धार अडत असेल तर मात्र दाखवा.

आमची लेक आता पावणेतीन वर्षांची आहे. वर्षातून एकदा बीपी मोजतात, लघवीत प्रोटीन बघतात, सोनोग्राफी होते, दुसरी किडनी छान वाढतेय. तिची एक निळी फाईल आहे, त्यात सगळे रिपोर्ट तारखेने लावलेत, पहिल्या पानावर कुठल्या जंतूला कुठलं औषध लागू पडलं ते लिहिलंय, आणि फाईलच्या खिशात लॅबची एक बंद बाटली कायम ठेवलेली असते. गेल्या महिन्यात ताप आला तेव्हा आमच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, आधी बाटली काढ, मी तिला मोरीत नेते."